ओढीची गाणी

मध्यंतरानंतरचं दुसरं गाणं चालू असताना हाळीला जळक्या रबराचा वास आला.

पडद्यामागे कुठलीतरी वायर तापली असेल, असं तिला वाटलं. सभागृह सहाशे खुर्च्यांचं, सगळ्या भरलेल्या. बोटं गिटारवर आपली आपण चालली होती. गाणं तिचं स्वतःचं, वीस वर्षं गायलेलं. गाढ झोपेतून उठवून म्हणायला लावलं असतं तरी ती अडखळली नसती.

ओंडका जड, पाणी थंड, ओढा!
हात सोलले, दोर अखंड, ओढा!

आणि तिसऱ्या चरणाच्या जागी काहीच नव्हतं. विसरणं म्हणजे काय ते तिला माहीत होतं. विसरलेला शब्द जिभेच्या टोकाशी घुटमळतो, चिडवतो, आणि आपण दुसरीकडे बघितलं की हळूच हजर होतो. हे तसलं नव्हतं. शब्द जिथे ठेवलेला असायचा ती फळीच कुणीतरी काढून नेली होती.

त्यानंतर तिला भान आलं ते टाळ्यांचं. तिच्या उजव्या हाताला डफदादा डफ घुमवत होता आणि पुढे झुकून स्वतःच हाळी देत होता, "घर लांब, दिवा मंद!" सहाशे माणसं एका दमात "ओढा!" म्हणत होती. हे असंच बसवलेलं आहे असं समजून लोक खूश झाले होते. हाळीने पुढचा चरण उचलला, कार्यक्रम पार पडला.

आत आल्यावर तिने विचारलं, "दादा, वायर जळाली का कुठे?"

"नाही बाई."

"वास आला मला."

"मला नाही आला," डफदादा म्हणाला आणि डफ पिशवीत घालू लागला. तो जरा जास्तच वेळ पिशवीच्या नाडीशी खेळत राहिला.

हाळी आरशासमोर बसली. चेहरा पुसायला कापूस घेतला आणि तसाच धरून ठेवला. ती एकोणपन्नास वर्षांची होती. आणि तिच्या मनात एकच हिशेब चालला होता: आईला सुरुवात झाली तेव्हा आई बावन्नची होती.

हाळी हे तिचं नाव नव्हतं. नदीकाठच्या लाकडाच्या वखारीत तिचे वडील ओढीच्या टोळीचे पुढारी होते. वरच्या जंगलातून ओंडके पाण्यावर तरंगत यायचे. बारा माणसं दोर लावून ते चढावरून वर घ्यायची. बारा माणसांचा जोर एकाच क्षणी लागायला हवा, म्हणून वडील हाळी द्यायचे आणि बाकीचे "ओढा!" म्हणून हिसका मारायचे. दिवसभर तेच तेच म्हणून कंटाळा येई, म्हणून वडील चरणाला चरण जोडत जायचे. मुकादमाची टवाळी, पावसाला शिव्या, कुणाच्या बायकोने केलेलं भांडण, काहीही. धाकटी मुलगी सहा वर्षांची असताना भुशाच्या ढिगावर उभी राहून वडिलांची हुबेहूब नक्कल करायची. एकदा टोळीने तिच्याच हाळीवर ओंडका ओढला आणि मग लक्षात आलं की पुढारी तर पाणी प्यायला गेलाय. तेव्हापासून ती हाळी.

पुढे ओंडके उचलणारी यारी आली. लोखंडी हाताने एका मिनिटात ओंडका वर. टोळी मोडली आणि गाणी बेकार झाली. हाळी तेव्हा वखारीच्या कचेरीत टायपिंग करत होती. तिने कुणाचीतरी जुनी गिटार घेतली आणि वखारीच्या चहाच्या खोलीत वडिलांच्या चालींवर आपले शब्द घालून गाऊ लागली. रिकामे झालेले ओढवाले कपातला चहा गार होईपर्यंत ऐकत बसायचे. तिथून शेजारच्या गावातलं एक हॉटेल, मग रेडिओ, मग पहिली तबकडी. वर्तमानपत्रात कुणी लिहिलं, मातीतला आवाज; दुसऱ्या कुणी लिहिलं, बाई गिटारवर ओंडके ओढतात. वडिलांनी तबकडी दोनदा ऐकली आणि म्हणाले, "चाल बरोबर आहे. पण इतक्या सावकाश ओढलंस तर ओंडका परत नदीत जाईल."

ती फिरत राहिली. घरी राहिली ती ताई. आधी वडील अंथरुणाला खिळले, ते गेल्यावर आईला विसर पडू लागला. लोक सांगतात, अशा आजारात सगळं जातं पण गाणी राहतात. आईच्या बाबतीत गाणी आधी गेली. कपड्यांच्या घड्या घालताना ती कायम गुणगुणायची. एके दिवशी नुसत्या घड्या घालू लागली. महिनाभर कुणाला कळलंही नाही. मग माणसांची नावं गेली, मग घराची वाट, मग मुली. ताईने नऊ वर्षं, आई जाईपर्यंत, तिचं सगळं केलं. हाळी यायची, दोन दिवस राहायची, रडायची आणि जायची. ताई कधी बोलली नाही, फक्त एकदा, बादली उचलता उचलता म्हणाली, "तू गा. कुणीतरी गायला पाहिजे, कुणीतरी धुवायला पाहिजे." त्या एका वाक्यानंतर हाळीने ताईला स्वतःचं दुखणंखुपणं सांगणं सोडून दिलं.

म्हणून त्या संध्याकाळचंही तिने सांगितलं नाही. कुणालाच नाही.

सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. खाली हवा भरायच्या पंपाचा फसफस आवाज सुरू झाला की तिचा दिवस सुरू व्हायचा. आता तिने नवीच सवय लावून घेतली. वडिलांची बेचाळीस गाणी तिला येत होती. दात घासता घासता ती बेचाळीसही मनातल्या मनात म्हणायची. कुठेही लिहिलेली नव्हती ती. तिने स्वतःची म्हणून गायली ती दहाबारा. बाकीची नुसती तिच्या डोक्यात होती, आणि त्या डोक्यावरच तिचा भरवसा उरला नव्हता. बेचाळीस भरली तर ती चहा प्यायची. एखादं निसटलं तर ओल्या ब्रशसकट बेसिनपाशी उभी राहायची, आणि ते सापडेपर्यंत घास उतरायचा नाही.

गिटारच्या वरच्या कडेला, लोकांना दिसणार नाही अशा जागी, तिने चिकटपट्टीवर बारीक अक्षरांत चरणांचे पहिले शब्द लिहून लावले. गॅसपाशी चिठ्ठी, दारापाशी चिठ्ठी. कुणी भेटायला येणार असेल तर ती आधी सगळ्या चिठ्ठ्या काढून पिठाच्या डब्यामागे लपवायची. हे सगळं आईनेही केलं होतं. आईच्या चिठ्ठ्या त्यांना उशीच्या अभ्र्यात सापडल्या होत्या.

एका दुपारी ती मंडईत गेली. बटाटे घेतले, इतकं तिला आठवत होतं. मग वास. मग ती बसथांब्याच्या बाकावर बसलेली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत बटाटे आणि एक मोठा कोबी. कोबी तिला आवडत नाही. तो तिने कधी घेतला, कोणाशी काय बोलली, रस्ता कसा ओलांडला, काही म्हणजे काही आठवेना. शेजारची बाई विचारत होती, "बरं वाटतंय ना?" हाळी हसली, हो म्हणाली, घरी आली आणि दाराला कडी लावून कोबीकडे बघत बसली. तो कोबी तिने फेकलाही नाही आणि शिजवलाही नाही.

एका तालमीत डफदादानेच तिच्या थांबण्याचा विषय काढला. बावीस वर्षं तो तिच्या उजव्या हाताला बसत आला होता. तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, दिवसा पुस्तकं बांधायचा, संध्याकाळी डफ. ती त्याला दादा म्हणायची आणि तो तिला थट्टेने बाई म्हणू लागला, ते कायमचंच झालं.

"बाई, राग मानू नका," तो म्हणाला. "आत्ता तुम्ही मध्येच थांबलात."

"चरण आठवत होते."

"तसं नाही. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, पण बघत नव्हतात. मी हाक मारली."

हाळीच्या छातीत धस्स झालं. ते धस्स बाहेर पडलं ते मात्र रागाचं रूप घेऊन. "मी थांबते कारण तुमचा ताल ओढल्यासारखा चाललाय, दादा. वय झालंय तुमचं. हात जड झालेत. मी किती दिवस सांभाळून घेतेय ते माझं मला माहीत!"

यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. बोलता बोलता तिला स्वतःलाच ते ऐकू येत होतं आणि थांबता येत नव्हतं. पुढच्या दौऱ्यासाठी दुसरा माणूस बघते, असंही ती म्हणून गेली.

डफदादाने डफाच्या कातड्यावरून हात फिरवला, पिशवीत घातला, नाडी ओढली. दारात तो थांबला. "मग आधी उजवीकडे बघायची सवय मोडा," तो म्हणाला. "नवा माणूस डावीकडेही बसेल."

नवा तालवाला तिशीचा, हुशार, अतिशय सभ्य. त्याच्यापुढे बटणांची पाटी असायची आणि ठोका घड्याळासारखा पडायचा. पहिले दोन कार्यक्रम ठीक झाले. तिसऱ्यात, अगदी शेवटच्या गाण्यात, वास आला. हाळीने चिकटपट्टीकडे पाहिलं. अक्षरं दिसत होती, पण ती अक्षरं आहेत एवढंच कळत होतं.

चाळीस सेकंद. नंतर मोजली लोकांनी, कारण कुणीतरी मोबाइलवर टिपलं होतं. त्यात बाई गिटार धरून उभी आहे, तोंड अर्धवट उघडं, डाव्या हाताची बोटं गळ्यापाशी काहीतरी चाचपडतायत. तालवाला बिचारा ठोका देतोय, देतोय, आणि वाट बघतोय. मागून कुणीतरी खुदकन हसतं. मग ती भानावर येते, समोर बघते, आणि तिचा चेहरा इतका भेदरतो की हसणाराही गप्प होतो. दुसऱ्या दिवशी ते हजारो लोकांनी पाहिलं. टाकून आली होती, असं बहुतेकांचं मत पडलं. पुढचे दोन कार्यक्रम आयोजकांनी "तूर्तास" पुढे ढकलले.

हाळीने फोन बंद करून भांड्यांच्या कपाटात ठेवला. ती तीन दिवस घराबाहेर पडली नाही. खाली पंप फसफसायचा, ती दचकायची.

चौथ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर ताई, हातात कपड्यांची पिशवी, पायात प्रवासाचे बूट.

"फोन कुठाय तुझा?"

"कपाटात."

ताई आत आली, बूट काढले, स्वयंपाकघरात गेली. गॅसपाशी चिठ्ठी होती: *गॅस बंद केलास का.* ताईने ती वाचली. मग ती वळली आणि म्हणाली, "आईच्या वेळी मी दोन वर्षं म्हणत राहिले, दमली असेल. तुझ्या वेळी नाही म्हणणार. ऊठ, वेणी घाल. वेळ घेऊन आलेय मी डॉक्टरांची."

"ताई, आईचंच असलं तर?"

"तर असेल."

"तू परत नाही करायचंस सगळं. मी तुला करू देणार नाही."

"तुला त्यातलं काही कळणारच नाही तेव्हा," ताई म्हणाली. हे ऐकून दोघी एकदम हसल्या. आणि हसता हसता हाळीला असं रडू फुटलं की ताईला तिला धरून खुर्चीत बसवावं लागलं.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. दवाखान्याच्या बाकावर हाळीच्या शेजारी एक आजोबा बसले होते, त्यांची सून त्यांना परत परत सांगत होती, "आपण आलोय तपासायला." हाळीने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि सारखी बघत राहिली. आत गेल्यावर तिने आधी आईचं सांगितलं, घाईघाईने, गुन्हा कबूल केल्यासारखं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. मग शब्द सांगून उलटे म्हणायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं.

"विसर पडायच्या आधी काही जाणवतं? चव, वास, पोटात कालवल्यासारखं?"

"जळक्या रबराचा वास येतो."

लिहिता हात थांबला. "दर वेळी?"

"दर वेळी."

"व्हिडिओ पाहिला मी. पण एकावरून सांगता येत नाही. तुम्हाला ते क्षण आठवणार नाहीत, तुम्ही तेव्हा तिथे नसताच म्हणा. मला बघणारं माणूस हवंय. तुम्हाला जवळून आणि वरचेवर बघणारं कोण आहे?"

ताईने हाळीकडे पाहिलं. हाळीने जमिनीकडे.

पुस्तकबांधणीचं दुकान एका छापखान्यामागे होतं. आत खळ आणि कातड्याचा वास. डफदादा दाबयंत्राचं चाक फिरवत होता. त्याने मान वर करून बघितलं आणि चाक पूर्ण आवळून झाल्यावरच हात पुसले. हाळी वाटेत काय काय बोलायचं ते ठरवून आली होती. त्यातलं काही बोलता आलं नाही.

"तुमचे हात जड नाहीत, दादा," ती म्हणाली.

"माहितीये मला."

"मी खोटं बोलले. मला भीती वाटत होती."

"तेही माहितीये." त्याने तिला बसायला एक उंच स्टूल सरकवलं. त्यावरचे कागद आधी उचलले. "बाई, मला वाईट वाटलं. वाटायचं ते वाटलं. आता काय ते बोला."

तिने डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. चार वेळा झालंय, ती म्हणाली. तालीम धरून चार.

डफदादा बोटावर सुकलेली खळ खरवडू लागला. "अकरा," तो म्हणाला.

"काय?"

"अकरा वेळा, मी पाहिलेलं. दोन वर्षांत. कधी पाच सेकंद, कधी दहा. तुमचा डावा हात गळ्यापाशी जातो, गुंडी लावल्यासारखी बोटं करता, नसलेली गुंडी. ते दिसलं की मी हाळी द्यायचो, नाहीतर ताल वाढवून घ्यायचो. तुम्ही परत यायचात आणि जणू काही झालंच नाही असं गायला लागायचात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असणार. लपवताय, तर मी कशाला उघडं पाडू?"

त्या अकरांतल्या दोनच वेळा तिला ठाऊक होत्या; मंडईत आणि त्या चाळीस सेकंदांत तो नव्हताच. नऊ वेळा. नऊ वेळा ती लोकांसमोरून नाहीशी झाली होती आणि तिला पत्ताही नव्हता. त्या नऊ वेळांचा विचार करताना तिला जी भीती वाटली तशी त्या चाळीस सेकंदांचीही वाटली नव्हती.

"मला विचारायचं होतंत, दादा."

"घाबरलो," तो साधेपणाने म्हणाला. "तुम्ही नाही म्हणालात तर खोटं पडेल, आणि हो म्हणालात तर खरं होईल. शेवटी विचारलं, तर हा असा दणका मिळाला." मग त्याने भिंतीवरचा सदरा काढला. "चला. कुठेय तो दवाखाना?"

डॉक्टरीणबाईंनी त्याला तासभर बसवून घेतलं. त्या गुंडीच्या नकलेवर त्या विशेष थांबल्या. दोनदा करून दाखवायला लावली. मग हाळीच्या डोक्याला तारा लावून आलेख काढला, डोक्याचा फोटो काढला. आठवडाभर वाट बघण्यात गेला. त्या आठवड्यात हाळीने बेचाळीस गाणी रोज तीनदा मोजली आणि ताईने तिला एकदाही टोकलं नाही.

"ही फिट आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी कधी पडले नाही. तोंडाला फेस नाही..."

"सगळ्या फिटा पडायच्या नसतात. ही मेंदूच्या एका कोपऱ्यात येते, वास दाखवते, आठवण बंद करते आणि जाते. औषध आहे यावर. आईंचा आजार तुम्हाला आज नाही, एवढं मी सांगते. पुढे कधीच होणार नाही, हे मला सांगता येणार नाही. ते कुणालाच सांगता येत नाही."

ताईने पदराने डोळे टिपले. हाळीला मात्र सुटल्यासारखं वाटलं नाही. इतके महिने ती एका दारावर पाठ टेकून उभी होती. आता दारामागे दुसरंच कुणीतरी निघालं म्हणून अंगातला ताठरपणा लगेच कुठे जातो?

आणि गोळ्या सुरू केल्याच्या पाचव्या दिवशी नवीनच घडलं. सकाळी तिने गिटार लावली, तार छेडली, तर सूर उतरलेला. परत लावली. सूर तपासायचं यंत्र म्हणे बरोबर आहे. तिने आपली जुनी तबकडी लावली, तीही अर्धा स्वर खाली. खालचा सायकलवाला घंटी तपासत होता, तिचाही आवाज खाली आला होता. सगळं जग अर्धी पायरी उतरलं होतं. हाळी जिन्यावरून धावत खाली गेली आणि त्या माणसाला घंटी वाजवायला लावली, परत वाजवायला लावली. तो बिचारा वाजवत राहिला आणि ती जिन्याला धरून उभी राहिली. शब्द गेले तर गाणारी माणसं गुणगुणू तरी शकतात. कानच गेला तर?

"होतं असं," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "या गोळीने क्वचित कुणाला सूर उतरलेले ऐकू येतात. बहुतेकांना कळतही नाही. तुम्हाला कळणारच. मनाने बंद करू नका, हळूहळू बदलू आपण."

बदलायला दीड महिना लागला. तेवढ्यात दोन झटके आले, दोन्ही घरात, अजून तिच्याकडेच राहिलेल्या ताईसमोर. ताई तिच्याजवळ बसून राहायची आणि ती परत आली की वेळ सांगायची, "अकरा सेकंद गं, फार नाही." नवी गोळी लागू पडली. सूर आपल्या जागी आले. हात किंचित कापायचा, ठरावीक शब्द आठवायला उशीर व्हायचा, पण वास थांबला.

त्यानंतर हाळीने ठरवलं: बेचाळीसच्या बेचाळीस गाणी ध्वनिमुद्रित करायची. डोक्यात ठेवायची नाहीत. गिटार नको, सजावट नको. ती हाळी देणार, डफदादा ठोका देणार आणि "ओढा" म्हणणार. ताईच्या घरातली, आईबाबांची मागची खोली त्यासाठी रिकामी केली, खिडकीला गाद्या लावल्या. ध्वनिमुद्रणवाली एक अबोल बाई होती, तिने टेबलावर यंत्र मांडलं आणि सगळ्यांना चपला काढायला लावल्या.

चार दिवसांत अडतीस झाली. पाचव्या दिवशी चहाच्या वेळी हाळी यादी वाचत होती. ताई शेंगा निवडत बसली होती. ती म्हणाली, "आणि ते खुर्चीचं?"

"कुठलं खुर्चीचं?"

"बाबांचं गं. खुर्चीचं."

हाळीने यादी खाली ठेवली. खुर्चीचं. तिने आत शोधलं. एक ते बेचाळीस, परत एक ते बेचाळीस. खुर्चीचं कुठेच नव्हतं. म्हणजे फळी गेली होती. तिच्या नकळत गेली होती, कधीची. तिने डफदादाकडे पाहिलं, तो हाताकडे बघत होता, तिच्या डाव्या हाताकडे.

"ताई," ती कशीबशी म्हणाली, "मला ते आठवत नाही."

ताईने मान वर केली आणि तिचा चेहरा पाहून शेंगांचं ताट बाजूला सारलं. "अगं वेडे, तुला कसं आठवेल? तू नव्हतीसच. बाबा पडून होते तेव्हाचं ते. खाटेवरून खुर्चीत घ्यायचं म्हणजे मी आणि आई, दोघींच्यानेही उचलवायचे नाहीत. तर तेच हाळी द्यायचे. स्वतःला उचलायची हाळी! आम्ही 'ओढा' म्हणून जोर लावायचो. पुढे आईला उचलताना मी तेच म्हणायचे. आईला काही कळायचं नाही, पण मला जोर यायचा."

हाळीचा श्वास हळूहळू खाली बसला. आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी वर आलं, ज्याला तिच्याकडे शब्द नव्हता. इतकी वर्षं ती बाबांची गाणी गावोगाव सांगत हिंडली होती, आणि शेवटचं गाणं या घरात, या खोलीत, ताईने रोज म्हटलं होतं, नऊ वर्षं, एकटीने.

"म्हण ना," हाळी म्हणाली. "तिथे. मायक्रोफोनपुढे."

"मी? काहीतरीच! माझा आवाज आहे का तो?"

"ते गाणं मला येत नाही, ताई. तुलाच येतं."

ताई बराच वेळ नाही नाही म्हणाली. मग पदराला हात पुसले आणि उठली. ध्वनिमुद्रणवालीने तिच्या कानांवर हेडफोन चढवले. मायक्रोफोनपुढे उभी राहिल्यावर ताईचा रंगच उडाला. नऊ वर्षांत ती कधी डगमगली नव्हती. तिने हाळीचा हात घट्ट पकडला.

"माझा घसा सुकलाय," ती कुजबुजली. "काही आठवत नाहीये. तुला दर वेळी असं होतं?"

"दर वेळी."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं. आता जास्तच."

"आणि तरी जातेस?" ताई तिच्याकडे नव्याने बघितल्यासारखी बघत राहिली. मग तिने डोळे मिटले. डफदादाने अगदी हलका ठोका धरला, आजारी माणसाला धक्का लागू नये इतका हलका. ताईचा आवाज घोगरा होता, सूर जरा वर लागला होता, आणि कुणीही तिला तो खाली घ्यायला सांगितलं नाही.

एक पाय आला, ओढा!
दुसरा मागे राहिला, ओढा!
ओंडका म्हातारा झाला, ओढा!

"ओढा" हाळी म्हणत होती.